घाम न येणारं लेकरू

माझ्या हातचा एक कागद खोटा आहे. तो आता कुठल्याच कपाटात सापडणार नाही. आमच्या कार्यालयातले जुने गठ्ठे कधीच रद्दीत गेले. पण त्यावर मी जे लिहिलं होतं ते एका बाईने मनात धरून ठेवलं, आणि कागद गेला तरी ते गेलं नाही. ते पुसायचं काम माझं आहे. मी सत्तरी ओलांडली आहे, म्हणून थोडं थोडं लिहितो.

नव्वदच्या दशकात मी कुरखेडा तालुक्यात मलेरिया विभागात कामाला होतो. सायकल, खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया, कापूस आणि गोळ्यांचा डबा. दारात उभं राहून विचारायचं, "कोणाला ताप?" असेल त्याच्या बोटाला टोचायचं, थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढच्या घरी जायचं. लोक मला डॉक्टरभाऊ म्हणत. मी डॉक्टर नव्हतो. पण तसं म्हणणाऱ्याला मी एकदाही थांबवलं नाही.

माझ्याकडच्या एका गावात तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून एक ढिवराचं घर होतं. नवरा-बायको, नवऱ्याची म्हातारी आई आणि तीन वर्षांचा मुलगा. नवरा तलावात जाळं टाकायचा, बायको धानाच्या रोवणीला, मोहाला, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जायची. मुलगा वेगळा दिसायचा. डोक्यावर विरळ, पिवळट केस. कपाळ पुढे आलेलं. तोंडात दोनच दात, तेही सुळ्यासारखे टोकदार. हसला की गावातली पोरं पळायची. उन्हाळा लागला की दुपारी त्याचं अंग असं तापायचं की हात ठेवला तर मडक्याला हात लावल्यासारखं वाटायचं, कोरडं आणि कढत. संध्याकाळी आपोआप उतरायचं. मी चार वेळा त्याचं रक्त घेतलं. चारही वेळा काही सापडलं नाही. चारही वेळा मी गोळ्या दिल्या.

तो पोरगा दिवसभर तलावात बसलेला असायचा. पाळीवरून जाणारे म्हणायचे, "म्हशीवानी बसते हा, शेपटी तेवढी नाई." बाप हसायचा आणि मला सांगायचा, "डॉक्टरभाऊ, पान्यात ठेवलं का याले ताप नाईच राहत. बाहेर काढलं का चढते."

मी त्याला म्हटलं होतं, "ताप असताना पाण्यात बसवता? निमोनिया होईल तेव्हा कळेल."

त्या वर्षीच्या मे महिन्यातली एक दुपार. मी पोचलो तेव्हा पोरगा गळ्यापर्यंत पाण्यात होता. मी बापाला ओरडलो, त्याला बाहेर काढायला लावलं, घरात आणलं. तासाभरात अंग तापलं. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, ताप जास्त असेल तर ओल्या कपड्याने अंग पुसा. मला ते पाठ होतं. पण माझ्या घरी, माझ्या आईच्या हाताखाली मी वेगळं पाहिलं होतं: हुडहुडी भरलेल्याला पांघरूण घालायचं, घाम फुटला की ताप उतरला. मलेरियाच्या किती तरी रोग्यांना मी तसं उतरताना पाहिलं होतं. त्यांच्या घरात जाडसं काही नव्हतं. मी माझी लोकरीची कांबळ सायकलवरून काढली, थंडीच्या दौऱ्याची, उन्हाळ्यातही बांधलेलीच असायची, आणि पोरगा त्यात गुंडाळला.

"घाम फुटेपर्यंत काढायची नाही," मी त्याच्या आईला बजावलं. "रडला तरी नाही."

"लई कुथते नं भाऊ हा," ती म्हणाली. "तोंड लाल झालं त्याचं."

"तुम्हाला कळतं की मला कळतं?"

हे शब्द माझेच आहेत. मी पुढच्या आळीत निघून गेलो.

परत आलो तेव्हा झटका येऊन पोरगा गेला होता. कांबळ अजून त्याच्या अंगावर होती, आणि कांबळीखाली त्याचं अंग कोरडं होतं. एक थेंब घाम नव्हता. बाई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. तिने मला एकच विचारलं. "भाऊ, मी मधात एकडाव काढली होती. थोडकाच वेळ. लई तळमळला, म्हनून. त्याच्यानंच गेला का?"

मी मान हलवली. हो म्हणतात तशी हलवली, आणि ते तिने पाहिलं.

तापाने मूल गेलं की चौकशी व्हायची. चारही नमुन्यांत काही नसताना पोरगा गेला कसा, हे मला वर कळवायचं होतं. मी घाबरलो. नोकरी नवी नव्हती, पण कायम झालेली नव्हती. मी लिहिलं: आईने सूचनेप्रमाणे पांघरूण ठेवले नाही, मध्येच काढले. हे मी तिला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि खाली अंगठा दिला. आठ दिवसांनी तिने माझी कांबळ तलावावर धुऊन, वाळवून, घडी करून परत पाठवली.

दोन वर्षांनी तिला दुसरा मुलगा झाला. तान्हेपणीच केस विरळ. वर्षाचा झाला, दोन वर्षांचा झाला, दात येईनात. गावात बोलणं सुरू झालं. तिचे दोन भाऊ लहानपणी असेच उन्हाळ्यात गेले होते, हे कुणीतरी तिच्या माहेरहून शोधून आणलं. "मायच्या घरूनच करनी घेऊन आली हे," विहिरीवर बाया म्हणायच्या, ती ऐकेल इतक्या मोठ्याने. ती घागर भरायची आणि निघायची.

मला बाकी कशाची नाही, उन्हाळ्याची भीती वाटायला लागली. मार्च लागला की मी त्या गावाची फेरी सकाळी लवकर उरकायचो, म्हणजे दुपारी तिच्या दारात उभं राहावं लागू नये. पण ती पाळीवर वाट पाहत थांबायची. "भाऊ, याले ताप आला तं यंदा मी कांबळ काढत नाई. मरून जाईन पन काढत नाई." तिने कुठून तरी स्वतःची एक कांबळ मिळवली होती. मी म्हणायचो, "बरं." पोरगा तापतच होता, पण दुपारी ती रानात असायची, आणि घरात काय चालायचं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

पोरगा चार वर्षांचा असताना कुष्ठरोगाची घरोघर तपासणी निघाली. बायांची तपासणी आमच्या उपकेंद्राची नर्सबाई करायची. एप्रिल होता. ती त्या घरातून बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिच्या पाठीवर काही काही जागी घामच नाही हो. बाकी पाठ ओली आणि मधात कोरडं. पेनाचं टोक लावलं तर तिला समजतं. पण घाम नाही."

घाम न येणारा चट्टा म्हणजे काय, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. महारोग. तो शब्द आम्ही तिथे उच्चारला नाही, तरी संध्याकाळपर्यंत गावाला कळला. नवऱ्याने तिची थाळी वेगळी काढली नाही, हे त्याचं मोठेपण. शेजाऱ्यांनी मात्र तिच्या हातचे मासे घ्यायचे बंद केले. चंद्रपूरला नागपूरहून त्वचारोगाच्या एक डॉक्टर मॅडम शिबिराला येणार होत्या. नर्सबाई, ती आणि मी असे तिघं आदल्या दिवशी निघालो. पोरगा आजीपाशी ठेवला.

तपासणी सकाळी झाली. मॅडमनी तिच्या पाठीला आयोडीन लावलं, वाळू दिलं, वर मक्याचं पीठ भुरभुरलं आणि पंखा बंद करून तिला खोलीत बसवलं. घाम आला की ती जागा निळी-काळी होते. थोड्या वेळाने मॅडम पडद्यातून बाहेर आल्या. चेहरा वेगळाच झाला होता. त्यांनी तिला विचारलं, "बाई, यांना बघू देऊ का?"

"पाहू द्या," ती आतून म्हणाली. "आनि मलेबी सांगा. माही पाठ मले कधी दिसन?"

मी पाहिलं. चट्टे नव्हते. पट्टे होते. मणक्यापासून दोन्ही बाजूंना उतरत गेलेले, कुशीकडे वळण घेणारे, निळे आणि कोरे, निळे आणि कोरे. कुणी तरी आखून द्यावेत तसे. मनात आलं, गाव म्हणतं ती करणी हीच असेल.

मॅडमनी कागदावर तिची पाठ काढून तिला दाखवली. "हा महारोग नाही," त्या म्हणाल्या. मग मुलांचं विचारलं. दात कसे, केस कसे, घाम येतो का. तिचेही दोन दात कधी आलेच नव्हते. ते त्यांनी तोंड उघडायला लावून पाहिलं. भावांचं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि सांगायला लागल्या. ते मी तेव्हा अर्धं समजलो आणि पुढे पुस्तकं मिळवून बाकीचं समजून घेतलं.

बाईच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. पुरुषात एकच. दोन्ही चालू राहिली तर गर्भ नीट वाढत नाही. म्हणून मुलीचा गर्भ अगदी एवढासा, डोळ्यांना दिसणार नाही एवढा असतो, तेव्हाच त्याची प्रत्येक पेशी दोघांपैकी एक बंद करते. कोणतं, ते जिचं तिने ठरवायचं. आणि एकदा ठरलं की तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या पेशी तेच पाळतात.

"बंद करतं कोण?" नर्सबाईने विचारलं.

"एक जनुक आहे," मॅडम म्हणाल्या. "एक्झिस्ट म्हणतात. फार वर्षं नाही झाली सापडून. बाकीची जनुकं निरोप पाठवतात, त्या निरोपाला आरएनए म्हणतात, आणि त्यावरून पेशी काहीतरी बनवते. याचा निरोप चांगला लांबलचक असतो, पण त्यावरून काहीच बनत नाही. तो निरोपच त्या गुणसूत्रावर पसरतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पांघरुणासारखा. आणि ते गुणसूत्र झोपतं. बहुतेक जन्मभर उठत नाही."

पांघरूण हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी खिडकीकडे पाहिलं.

या बाईच्या एका एक्सवर घामाच्या ग्रंथी, दात, केस घडवणारं जनुक बिघडलेलं होतं. ज्या पेशींनी बिघडलेलं झोपवलं त्यांच्या पट्ट्यात घाम. ज्यांनी चांगलं झोपवलं त्यांच्या पट्ट्यात कोरडं. गर्भात कातडी वाढत जाते तसे ते पट्टे ताणले गेले. मॅडमनी तिला तिच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. "धानाच्या एका बांधीत दोन जातींची रोवणी केली, एक ओळ याची, एक त्याची, तर कसं दिसेल?"

ती म्हणाली, "म्हंजे एक ओळ भरली, एक पोचट."

"अगदी तसं. तुमची भरलेली ओळ तुम्हाला सांभाळून घेते. पण मुलाकडे एकच एक्स. त्याला निवडच नाही. पोचट आलं तर सगळी बांधी पोचट."

तिने कागदावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "म्हंजे करनी नोहे."

"नाही. तुम्ही काही केलेलं नाही."

ती पाठ धुवायला आत गेली. तेव्हा मॅडम माझ्याकडे वळल्या. "त्या मुलाला ताप येत नाही, हे लक्षात ठेवा. बाहेरच्या उन्हाने अंग तापतं आणि ते बाहेर टाकायला घाम नाही. सावली, पाणी, ओला सदरा, बस. पाण्यात बसत असेल तर बसू द्या. आणि चुकूनही कुणी पांघरूण घातलं तर—" त्यांनी वाक्य तसंच सोडलं. माझ्याकडे पाहून सोडलं असेल.

बाई बाहेर आली. मी विचारलं, "घरी काय सांगून आलात? पोराला ताप आला तर?"

"तुमीच सांगतलं तेच. कांबळ पांघरा, घाम फुटेस्तोवर काढू नका. बुढीले शपथ घातली मी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून."

सकाळचे दहा वाजले होते. ऊन चढत होतं.

परतीची बस मूल गाव, सिंदेवाही, ब्रह्मपुरी करत वडसा, तिथून पुढे कुरखेडा. मी आयुष्यात तो रस्ता शंभरदा केला असेन. त्या दिवसाचा एकच आठवतो. बसचा पत्रा हात लावू देत नव्हता. ब्रह्मपुरीला चालक चहाला उतरला आणि मी त्याच्यामागे गेलो, हात जोडले. तो म्हणाला, "काका, गाडीले घाम फुटला, थोडी थंडी होऊ द्या." वडशाला रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी जाता जाईना. मी डबे मोजत होतो आणि प्रत्येक डब्यागणिक ती कांबळ दिसत होती, त्यात गुंडाळलेलं तोंड दिसत होतं. थोरल्याचं की धाकट्याचं, कळत नव्हतं.

ती शेजारच्या बाकावरून माझ्याकडे पाहत होती. "भाऊ, खरं सांगा. महारोगच हाये नं मले?"

"नाही बाई. मॅडमनी सांगितलं ना."

"मंग तुमी काऊन एवढे भेले?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी फाटकाकडे पाहत राहिलो.

कुरखेड्याला सायकल ठेवलेली होती. नर्सबाईला म्हटलं, तुम्ही दोघी मागून या, आणि मी निघालो. घराचं दार उघडं होतं. आत जमिनीवर कांबळ पसरलेली, रिकामी. म्हातारी ओसरीत पाय लांब करून बसली होती. तिला कमी ऐकू यायचं.

"पोरगा कुठे आहे?"

"आं?"

"पोट्टा! पोट्टा कुठी हाये?"

"तलावात," ती म्हणाली.

मला वाटलं, गेला. मी पाळीवर चढलो. कमळाच्या पानांमध्ये एक विरळ केसांचं डोकं होतं. ते वळलं आणि त्याने माझ्यावर तोंडातल्या पाण्याची पिचकारी मारली. जाळं ओढणारा बाप हसला.

म्हातारी मागून आली होती. मी तिला ओरडून विचारलं, शपथ घातली होती ना? ती म्हणाली, "घातली होती नं बापा. पन शपथीनं का लेकराले गार वाटते? एवढ्या गर्मीत मले लुगडं सोसत नाई, तं त्याले कांबळ पांघरू? इचं काय, हे जाते रानात. मी दररोजच सोडतो त्याले पान्यात." म्हणजे तीन उन्हाळे त्या म्हातारीने माझी सूचना पाळली नव्हती.

इतक्यात पोराची आई पोचली. तिने पोराला पाण्यात पाहिलं आणि तशीच लुगड्यासकट तलावात शिरली, त्याला ओढून काढायला. चेहरा असा झाला होता की तो मला अजून दिसतो. मी ओरडलो, "राहू द्या! बाई, पाण्यातच राहू द्या त्याला. मॅडमनी सांगितलंय. पांघरूण घालायचं नाही. कधीच नाही."

ती कमरेइतक्या पाण्यात थांबली. पोराचा दंड धरलेला होता. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मंग मोठ्याचं?"

नवरा, म्हातारी, पोरगा, सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, "त्याचा ताप वेगळा होता."

तिने मान हलवली. कागदाच्या वेळी हलवली होती, तशीच.

धाकटा जगला. शाळेत गुरुजींनी त्याला माठाजवळ बसवलं आणि ओला सदरा घालू दिला; पोरं त्याला म्हैस म्हणायची, तोही उलट हंबरून दाखवायचा. मोठा झाल्यावर चंद्रपूरला त्याने दात बसवून घेतले. दर मे महिन्यात मी आडवाट करून पाळीवरून जायचो, पाण्यात डोकं दिसलं की श्वास सोडायचो. निवृत्त झालो तरी जात राहिलो. मी येतो म्हणून त्या घरात मला मान होता. चहा मिळायचा. तो मी प्यायलो.

धाकट्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. मागच्या महिन्यात ती बाई, आता म्हातारी, नातीला कडेवर घेऊन माझ्या घरी आली. मॅडमनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं: याच्या मुली ही गोष्ट घेऊनच जन्मतील आणि त्यांच्या मुलांपर्यंत ती जाऊ शकेल. नातीच्या पाठीवरही ओळी असतील, दिसत नाहीत एवढंच.

"भाऊ, हिले लेकरं होतीन तवा आपून दोघंबी नसू," ती म्हणाली. "लिहून ठेवा. पान्यात बसवा म्हना. दातावरून, केसावरून वळखा म्हना. समदं लिहा." मग जरा थांबून म्हणाली, "आनि मोठ्याचंबी लिहा. त्याचा ताप वेगळा होता, त्याले पांघरून पायजे होतं, आनि त्याच्या मायनं मधातच काढलं. तसं कोनी करू नका म्हना."

हे लिहिलं असतं तर तिच्या पणतवंडाला कुणीतरी त्या ओळीवरून गुंडाळलं असतं.

मी सांगितलं. बसमध्ये सांगायला हवं होतं ते, तलावात ती उभी होती तेव्हा सांगायला हवं होतं ते. दोघांचा ताप एकच होता. बाप बरोबर होता. कांबळ माझी होती. "तुम्ही ती काढलीत तेवढाच वेळ त्याला बरं वाटलं असेल, बाई."

ती शिव्या देईल, ओरडेल, असं वाटलं होतं. ती नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"काढली तवा त्यानं मले पाह्यलं होतं," ती म्हणाली. "तलावाकडं हात केला होता. मले वाटलं तापात करून राह्यला."

नात रडायला लागली तेव्हा ती उठली. दारात थांबून तिने विचारलं, "तवाच्या कागदावर माहा अंगठा होता नं?"

"हो."

"मंग यावर तुमचा लावा. सही नोको. अंगठा."

म्हणून तिला हवं ते वर सगळं लिहिलं आहे, आणि थोरल्याचंही, जसं झालं तसं. शाईची डबी आणायला मुलाला बाजारात पाठवलं आहे.